पाठ कुणाची, डबी कुणाची?

कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या दुकानात क्रीमची डबी उचला आणि उलटी करून वाचा. बारीक अक्षरांत छापलेलं असतं : 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले'. कुणी तपासलं ते कळलं. कशावर तपासलं?

सशावर नाही. १९४४ साली अमेरिकेत ड्रेझ नावाच्या माणसानं सशाच्या डोळ्यात आणि कातडीवर माल घालून बघायची रीत बसवली, ती जगभर चालली. २०१४ साली भारत सरकारनं सौंदर्यप्रसाधनांसाठी जनावरांवर चाचणी करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी तसा तपासलेला माल बाहेरून आणायलाही बंदी केली. चांगलं झालं. मुक्या जिवाची आग आपल्याला कळते. पण माल तपासणं काही थांबलं नाही. शेवटी तो माणसाच्या कातडीवर लावून बघतातच. त्या माणसाला कागदावर 'स्वयंसेवक' म्हणतात.

या अंकाचं संपादकीय त्या स्वयंसेवकाबद्दल आहे. कवितेच्या अनियतकालिकात हे खरूज-नायट्याचं प्रकरण कशाला, असं कुणी विचारील. आपल्या कवितांत कातडी पानापानावर येते. सोललेली येते, जळलेली येते, काळी येते. ज्या कातडीचा स्पर्श चालत नव्हता ती कातडी आज भाड्यानं चालते, तिचे इंच मोजले जातात. त्यावर आपण गप्प बसायचं आणि प्रतिमा तेवढ्या वापरायच्या, हे मला पटत नाही.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ४०११ नावाचं मानक आहे. त्यात माणसावरची पट्टीची चाचणी सांगितलेली आहे. २४ निरोगी माणसं घेतात. माल छोट्या चकत्यांत भरून कातडीला, बहुधा पाठीला, चिकटपट्टीनं बांधतात आणि चोवीस तास झाकून ठेवतात. मग सोडून बघतात : लाली किती, सूज किती. त्याला गुण देतात. त्याच वेळी शेजारी दोन चकत्या आणखी असतात. एकीत नुसतं मिठाचं पाणी. दुसरीत सोडियम लॉरिल सल्फेट, साबणा-शाम्पूत फेस आणणारं रसायन, जे झाकून ठेवलं की कातडीची आग करतंच. ते मुद्दाम लावतात, म्हणजे ही कातडी जिवंत आहे, जाब देते, हे कळावं. थोडक्यात, कंपनीचा माल कितीही निर्धोक निघो, पाठीवर एक ठिपका आगीचा ठरलेलाच.

दुसरी चाचणी लांबलचक. तीन आठवड्यांत नऊ वेळा एकाच जागी पट्टी लावायची. मग सुमारे दोन आठवडे सोडून द्यायचं. मग कोऱ्या जागी पुन्हा लावायची आणि बघायचं, अंग उठतं का. पहिली चाचणी विचारते, हा माल आग करतो का? ही दुसरी विचारते, हा माल या माणसाला कायमची अॅलर्जी शिकवतो का? नीट वाचा. शिकवली तर ती शिकवलेली राहते. कातडीची ही अॅलर्जी एकदा अंगात बसली की बहुधा जन्मभर सोबत करते. पट्टी निघते, पैसे संपतात, ती राहते.

मी गोदीत कंत्राटावर आहे. माझ्या पाठीचा मला पगार मिळतो. पाठीवर पट्टी असली की ती भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, घासायचं नाही. गोणी उचलणाऱ्याला हे कसं जमायचं? म्हणजे त्या दिवसांचा खाडा. खुर्चीवर बसणारा पट्टी लावून ऑफिसात जाऊ शकतो. हमालाला, बिगाऱ्याला, लावणीवाल्या बाईला पट्टी म्हणजे हातातली मजुरी सोडणं. तरीही माझ्या ओळखीचे जे कुणी या कामाला गेले ते खुर्चीवरचे नव्हते. ज्यांना त्या आठवड्यात दुसरं काम नव्हतं, ते गेले.

माझं आजोळ मुठा. मुळशी तालुक्यात, मुठा नदीच्या खोऱ्यात. वर टेमघरचं धरण, त्याच्या वर लवासा. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या गावावरून वर पळतात. आमच्या वस्तीतली पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत जातात, बाया पावसाळ्यात दुसऱ्याच्या भातखाचरात लावणीला. पायाला चिखल्या पडतात, बोटांमधली कातडी सोलते, त्यावर कुणी गुण लिहून ठेवत नाही. कारखाना म्हणजे काय तेही पोरांना ठाऊक आहे. ७ जून २०२१ रोजी जवळच उरवड्याला रसायनाच्या कारखान्यात आग लागली, मेले त्यांत बहुतेक बाया होत्या.

माझ्या मामेभावाला पिरंगुटला 'ब्रेक' मिळाला. कायम करावं लागू नये म्हणून कंत्राटदार मध्येच घरी बसवतो, तो ब्रेक. कुणीतरी त्याला सांगितलं, पुण्यात पाठीवर पट्ट्या लावतात, पैसे देतात. गेला. प्रत्येक खेपेला एसटीनं जायचं, पट्टी लावून परत यायचं. चौथ्या आठवड्यात पाठ खाजायला लागली, लाल चट्टे उठले. तिथल्या माणसानं बघितलं, 'थोडं होतं असं, जाईल' म्हणाला आणि यादीतून नाव काढलं. झालेल्या खेपांचे पैसे दिले. बाकीचे नाहीत. मामीनं महिनाभर खोबरेल चोळलं.

मी त्याला विचारलं, "कागद कुठंय?"

"तिथंच ऱ्हायला. इंग्रजीत व्हता. सही कर म्हनला, केली."

"कशाचं क्रीम होतं?"

"नाव न्हवतं दादा. नंबर व्हता."

"मग गेलास कशाला?"

"पिरंगुटला ब्रेक दिलाय. तू सांग, कुठं जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. ते शोधण्याचं काम आपलं सगळ्यांचं आहे.

चाचणी घेणारे म्हणतील, त्यानं राजीखुशीनं सही केली. संमती आहे. संमतीची ही गोष्ट मोठी आहे, तिला इतिहास आहे. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत माणसांवर प्रयोग केले, त्यांचा खटला चालला, आणि १९४७ साली न्यूरेंबर्गच्या निकालात दहा तत्त्वं लिहिली गेली. त्यातलं पहिलंच : माणसाची स्वखुशीची संमती असल्याशिवाय प्रयोग नाही. जगानं ते मान्य केलं. त्याच १९४७ साली बाबासाहेबांचं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' छापलं गेलं. त्यात ते बेकाराबद्दल विचारतात. ज्याच्या पोटाला नाही त्याच्यासमोर एखादी नोकरी ठेवली, पगार कसलाही, तास कितीही, संघटनेला बंदी, आणि सांगितलं की हक्क सोड नि ही घे, तर तो काय निवडणार? बेकाराला मूलभूत हक्क कशाला उपयोगी, असा त्यांचा सवाल आहे. न्यूरेंबर्गनं सांगितलं, संमती घ्या. बाबासाहेबांनी विचारलं, उपाशी माणसाची संमती म्हणजे काय? दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय मामेभावाच्या सहीचा अर्थ लागत नाही. त्याची सही खोटी नाही. त्याच्यापुढं दुसरा रस्ता नव्हता, तेवढं त्या कागदात लिहायची सोय नव्हती.

आणि शब्द बघा. स्वयंसेवक! काम घ्यायचं आणि त्याला मोठं नाव द्यायचं, ही युक्ती आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेली आहे. गावाचा सांगावा न्या, ढोरं ओढा, पाटलाच्या दारात उभे राहा, आणि या सगळ्याला नाव काय? वतन! वतनदार म्हणून फुकट राबवलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. आज 'स्वयंसेवक' म्हटलं की मजुरीचा दर विचारता येत नाही, खाड्याची भरपाई मागता येत नाही, कारण जो स्वखुशीनं सेवा करतो तो मजूर कसा? पैसे देतात त्यालाही मजुरी म्हणत नाहीत. येण्या-जाण्याचा खर्च म्हणतात, मोबदला म्हणतात.

हे दुखणं फक्त इथलं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. तिथं १९५१ पासून १९७४ पर्यंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन कैद्यांच्या पाठीवर पट्ट्या लावत होता. शाम्पू, क्रीम, पावडर, औषधं. कैदी बहुतेक काळे. कित्येकांचा खटलाही उभा राहिलेला नव्हता, जामिनाला पैसे नव्हते म्हणून आत होते. तुरुंगातल्या कामापेक्षा पट्टीचे डॉलर जास्त मिळायचे. १९६५-६६ साली डाऊ केमिकल या कंपनीसाठी सुमारे ७० कैद्यांच्या कातडीवर डायॉक्सिन हे विष लावलं गेलं. क्लिगमन पहिल्यांदा तुरुंगात शिरला तेव्हा आपल्याला समोर एकरंच्या एकरं कातडी दिसली, असं तोच नंतर एका पत्रकाराला सांगून बसला. माणसं दिसली नाहीत. जमीन दिसली. अॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'एकर्स ऑफ स्किन'. सुमारे ३०० कैद्यांनी २००० साली दावा लावला, तो मुदतीत आला नाही म्हणून उडाला. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेनं माफी मागितली २०२१ साली, शहरानं २०२२ साली. क्लिगमन २०१० सालीच मान-मरातब मिळवून मेला होता.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या काळ्या पँथरचं नाव आपण अभिमानानं घेतलं. त्याच वर्षी होम्सबर्गमध्ये काळ्या पाठींवर पट्ट्या लागतच होत्या. मुठ्यात तुरुंग नाही, हे मला मान्य. दार उघडं आहे, एसटी आहे, नको म्हणता येतं. पण होम्सबर्गमधल्या माणसाला जे तिकडं ढकलत होतं, जामिनाचे पैसे, ते आणि कंत्राटदाराचा ब्रेक यांची जात एकच आहे.

आता कुणी उसळून म्हणेल, मग या चाचण्या बंदच करा! मी तसं म्हणत नाही. का ते सांगतो.

पट्टीची चाचणी ही मुळात रोग्याची मैत्रीण आहे. १८९५ साली याडासोन या त्वचारोगतज्ज्ञानं ती प्रथम दाखवली, अंगावर कशानं उठतं ते शोधायला. आपल्या पुण्याचंच बघा. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमाराला. मग शेतावरच्या माणसांचे चेहरे, माना, हात सुजून काळे पडायला लागले. १९७० च्या दशकात पुण्यातल्या रोग्यांना पट्ट्या लावूनच डॉक्टरांनी दाखवून दिलं की या दुखण्याचं मूळ ते गवत आहे. ती पट्टी शेतमजुराच्या कामाला आली. पट्टी तीच. एकदा ती माणसाचं दुखणं शोधते, एकदा डबी विकायला शिक्का मिळवते.

आणि न तपासलेला माल कुणाच्या अंगावर तपासला जातो? तोही आपल्याच. अकोल्यातल्या एका घरातल्या बायकांची मूत्रपिंडं बिघडली, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात शोध घेतला तर गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ साली पेपरांत आलं होतं. कायदा सांगतो की डोळ्याजवळचा माल सोडला तर प्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त नको. पण बिननावाची डबी कायदा वाचत नाही. टिकलीचं घ्या. स्वस्त टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल असतं, त्यानं कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडतो, हे भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केव्हाच लिहून ठेवलंय. कोड म्हटलं की मुलीचं लग्न मोडतं, हे लिहायला डॉक्टर लागत नाही. यातल्या कुठल्या बाईनं सही केली होती? तिनं उलट पैसे देऊन डबी घेतली. सही केलेली पाठ आणि सही न केलेलं कपाळ, दोन्ही एकाच घरातली आहेत. म्हणून चाचणी बंद करून आपली सुटका नाही.

तपासलेल्या मालाचीही पुरी हमी नसते. जपानात कानेबो कंपनीनं कातडी उजळवणारी क्रीम काढली, त्यातल्या रसायनाला सरकारी मंजुरी होती. २०१३ साली माल परत घ्यावा लागला. सुमारे २० हजार माणसांच्या अंगावर पांढरे डाग पडले होते. कारण चोवीस तासांची पट्टी लाली दाखवते. महिनोन् महिने चोळल्यावर रंग बनवणाऱ्या पेशी मरतील का, ते ती सांगत नाही. आपल्याकडं १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली, २०२० साली नाव बदलून 'ग्लो' झाली. ज्या देशात काळ्या कातडीला एवढं हिणवलं जातं तिथं उजळवण्याच्या मालाला गिऱ्हाईक कमी पडत नाही, आणि लावून बघायला माणूसही कमी पडत नाही.

तेव्हा चाचणी हवी. आमचं म्हणणं एवढंच, की चाचणीला पाठ देणं हे काम आहे, आणि ते करणारा कामगार आहे. त्याला कामगाराचे हक्क द्या. एकदा हे मान्य केलं की मागण्या आपोआप समोर येतात.

पहिली. कागद त्याच्या भाषेत, वाचून दाखवून, आणि प्रत त्याच्या हातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माणसावरच्या संशोधनाबद्दल हेच सांगतात. गरीब, बेकार, सामाजिकदृष्ट्या मागे ठेवलेल्या माणसाला जास्त जपावं, हेही त्यांत आहे. छापलेलं आहे, ते पाळा.

दुसरी. अंग उठलं तर कोणत्या रसायनानं उठलं त्याचं नाव लेखी द्या. ही काही चैन नाही. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे माल टिकवणारं रसायन घ्या. युरोपात त्याच्या अॅलर्जीची साथच आली, २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्याला बंदी झाली. तेच रसायन भिंतीच्या रंगातही घालतात. क्रीमच्या पट्टीतून ज्याला ही अॅलर्जी बसली तो उद्या रंगकामाला गेला तर तोंड सुजून घरी येईल, आणि का ते त्याला कधीच कळणार नाही. मामेभावाला नुसता नंबर नको, नाव पाहिजे.

तिसरी. बरं होईपर्यंत फुकट उपचार, बुडालेल्या हजेरीची भरपाई, आणि मध्येच काढलं तरी ठरलेले पूर्ण पैसे. औषधांच्या चाचण्यांत असंच रान मोकळं होतं. २०१२ साली इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं सुप्रीम कोर्टात धाव घेतली, २०१३ साली भरपाईचे नियम आले, २०१९ साली नवे नियम झाले. ते नव्या औषधांसाठी. क्रीम-साबणाला पाठ देणाऱ्यालाही तेवढंच संरक्षण पाहिजे.

चौथी. जिथं प्रयोगशाळेत जमतं तिथं माणूस नको. शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी कातडीच्या पेशी वाढवून त्यावर आगीची चाचणी करता येते, जगानं ती रीत मान्य केलेली आहे. निरोगी माणसाला अॅलर्जी बसते का हे मुद्दाम बघण्याला युरोपच्या तज्ज्ञ समितीनं २००० सालीच नैतिक आक्षेप घेतला होता.

पाचवी. पाठ देणाऱ्यांची नोंद ठेवणारं मंडळ पाहिजे. एकाच पाठीला दोन ठिकाणी पट्टी लागू नये, दोन चाचण्यांत अंतर राहावं, दर ठरावा. हे कसं जमेल म्हणणाऱ्यांना एकच आठवण. हमालाला दिवसात चार मालक असतात. त्याला ना हजेरी ना फंड, हे असंच चालणार, असं सगळे म्हणत होते. माथाडी कामगार लढले, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, मंडळं झाली, हजेरी आली, फंड आला. आज तो कायदा पाळला जातो का, हा वेगळा तंटा आहे, तोही आपण लढतोय. पण डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला जे मिळालं ते पाठीवर पट्टी वाहणाऱ्याला का नाही?

आणि सहावी मागणी सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. बाजारातल्या बिननावाच्या गोऱ्या डब्या उचला, त्यातला पारा मोजा, आकडे मराठीत जाहीर करा.

मित्रांनो, निवेदन लिहिणं सोपं आहे, आपण बरीच लिहिलीत. यावेळी आधी माहिती गोळा करू. तुमच्या चाळीत, वस्तीत, वसतिगृहात, कंपनीच्या गेटावर कुणी पाठ दिली असेल तर त्याच्याशी बसून बोला. किती दिवस पट्टी होती? कागद कुठल्या भाषेत होता? प्रत मिळाली का? किती हजेऱ्या बुडाल्या? अंग उठलं तर कुणी बघितलं? नाव लिहू नका, गाव आणि काम लिहा. पोस्टकार्डावर लिहिलंत तरी चालेल. पुढच्या अंकात कवितांची चार पानं कमी करून आम्ही ते जसंच्या तसं छापू. कवींनी रागावू नये. त्यांतला एक मीही आहे, माझीच कविता आधी काढली आहे.

जय भीम!